राउटरमधला आयपी ॲड्रेस तपासायचा कसा, लिहायचा कसा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात फायबर ओढणारी, टॉवरवर चढणारी, राउटर बसवणारी मंडळी आणि त्यांच्यासाठी स्क्रिप्ट लिहून देणारी इंजिनीअरिंगची मुलं, या दोघांकडून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. राउटिंगचं सॉफ्टवेअर, म्हणजे पॅकेट कुठल्या वाटेने पाठवायचं हे ठरवणारा प्रोग्राम: बर्ड, एफआरआर, मायक्रोटिकचं राउटरओएस, सिस्कोचं आयओएस, किंवा त्यांच्याभोवती आपण स्वतः लिहिलेलं काहीही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या पानावर सगळे ॲड्रेस देवनागरी अंकांत आहेत, आयपीव्ही६ मधली अक्षरंसुद्धा. वाचायला ठीक आहे, पण राउटरमध्ये टाकताना इंग्रजी अंक आणि अक्षरंच टाका. का, ते खाली येईलच.

आयपी ‘बरोबर’ आहे म्हणजे नेमकं काय बरोबर आहे?

यात तीन गोष्टी आहेत, आणि फोनवरची निम्मी भांडणं त्या एकत्र केल्यामुळे होतात. पहिली, लिखाण बरोबर आहे का. दुसरी, लिखाण बरोबर असलं तरी तो ॲड्रेस त्या रकान्यात शोभतो का. २२४.०.०.५ लिखाणाला अगदी शुद्ध आहे, पण तो ओएसपीएफचा (राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायच्या प्रोटोकॉलचा) मल्टिकास्ट, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवायचा ॲड्रेस आहे. ग्राहकाच्या ओएनयूला (घरातल्या फायबरच्या डब्याला) तो देता येत नाही. तिसरी, तो खरोखर आपला आहे का आणि कुठे बसवलेला आहे का. पिनकोडसारखं धरा. ५९१३०२ खानापूरचा, ५९१२३७ निपाणीचा. पण सहा आकडे लिहिले म्हणून तिथे पोस्ट ऑफिस असेलच असं नाही.

या पानावर मुख्यतः पहिल्या दोन गोष्टी आहेत. तिसरी राउटिंग टेबलात बघा.

चार आकडे, तीन टिंबं, प्रत्येक आकडा ० ते २५५. एवढं रेजेक्सनं (मजकुराचा साचा जुळवून) बघितलं की झालं की?

नाही झालं. आयपीव्ही४ ची व्याख्या १९८१ ची, आरएफसी ७९१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातली. तिथे ॲड्रेस म्हणजे ३२ बिटांची एक संख्या. टिंबं देऊन चार तुकडे करणं ही माणसांच्या सोयीची पद्धत, आणि ती नीट बांधून घालायच्या आधीच युनिक्सच्या जुन्या प्रोग्रामांनी आपापल्या सवयी लावून घेतल्या. त्यातली सगळ्यात चिवट सवय सी भाषेतल्या आयनेट-एटन या फंक्शनची. ते ‘१०.१’ सुद्धा घेतं आणि त्याचा १०.०.०.१ करतं. खोटं वाटत असेल तर लिनक्सवर तसा पिंग मारून बघा. सगळा ॲड्रेस एकाच मोठ्या संख्येत लिहिला तरी त्याला चालतो. आणि तुकड्याच्या सुरुवातीला शून्य असेल तर तो तुकडा ते अष्टमान पद्धतीने वाचतं.

खरा घोळ इथेच आहे. ०१०.२०.३०.४० हा ॲड्रेस तुमचं रेजेक्स १०.२०.३०.४० म्हणून पास करतं, आपला खासगी ॲड्रेस आहे म्हणून. तीच ओळ पुढे आयनेट-एटनच्या हातात गेली की ०१० चे झाले आठ, आणि पॅकेट निघालं ८.२०.३०.४० कडे, म्हणजे बाहेरच्या सार्वजनिक ॲड्रेसकडे. दाराशी एक वाचलं, आत दुसरंच झालं. २०२१ मध्ये पायथॉनच्या आयपीॲड्रेस मॉड्यूलमध्ये हीच त्रुटी निघाली (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-२९९२१): ३.८ पासून सुरुवातीची शून्यं चालायला लागली होती, ती ३.९.५ मध्ये पुन्हा बंद केली. त्याच वर्षी गो भाषेनेही १.१७ आवृत्तीपासून असे ॲड्रेस नाकारायला सुरुवात केली.

म्हणून रेजेक्स नकोच. भाषेतलं कडक फंक्शन वापरा: सी मध्ये आयनेट-पीटन, पायथॉनमध्ये आयपीॲड्रेस, गो मध्ये नेटआयपी. आणि तपासलेली ओळ पुढे ढकलू नका. तपासताना जी संख्या मिळाली ती पुढे द्या. या पानातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ओळ एकदाच वाचायची, तिची संख्या करायची, त्यानंतर सगळं काम संख्येवर.

आमच्या एक्सेलमध्ये सगळे आयपी १९२.१६८.००१.०१० असे सरळ रांगेत लिहिलेत. शून्यं काढून घेतली तर चालतंय ना?

राउटरच्या प्रोग्रामने आपणहून काढू नयेत. लिहिणाऱ्याला ०१० म्हणजे दहा म्हणायचं होतं की आठ, हे प्रोग्रामला कळायला मार्ग नाही, म्हणून त्याने नाकारावं. तुमच्या शीटमध्ये ती रांग दिसायला बरी दिसावी म्हणून केली आहे हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा शीट आयात करण्याची वेगळी स्क्रिप्ट लिहा, शून्यं तिथे काढा, जुना आणि नवा ॲड्रेस शेजारी छापा आणि एकदा माणसाकडून नजर फिरवून घ्या. मग ती शीट बंद करा.

आणखी एक गंमत. १९२.१६८.००१.००८ आयनेट-एटनला चालतच नाही, कारण अष्टमानात आठ हा अंक नाही. ००७ पर्यंतचे ग्राहक सुरळीत, ००८ आणि ००९ अडतात, ०१० चा माणूस आठ नंबरवर जाऊन बसतो. अशी तक्रार आली तर केबल तपासायला कुणाला पाठवू नका.

मोबाइलवर कळफलक मराठीवर होता. १९२.०.२.१ मराठी अंकांत टाइप झाला. काही ठिकाणी चालला, काही ठिकाणी नाही. असं का?

आपल्या भागात हा प्रश्न दुसरीकडच्यापेक्षा जास्त येतो, कारण एकाच फोनवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी असे तीन कळफलक असतात आणि तिन्हींचे अंक वेगळे.

युनिकोडच्या लेखी देवनागरी १ आणि इंग्रजी एक ही दोन वेगळी चिन्हं आहेत, पण दोन्ही ‘दशमान अंक’ या एकाच जातीत मोडतात. पायथॉनचं इंट फंक्शन देवनागरी ‘१९२’ आनंदाने १९२ म्हणून वाचतं. जावाचं पार्सइंटही वाचतं. पायथॉनच्या रेजेक्समध्ये अंकासाठी असलेली खूण देवनागरी आणि कन्नड दोन्ही अंकांना लागू पडते. जावास्क्रिप्टची तीच खूण मात्र फक्त इंग्रजी अंक ओळखते, आणि सी मधली जुनी फंक्शनं तर देवनागरीच्या वाटेलाच जात नाहीत. त्यामुळे ब्राउझरमधला फॉर्म नाकारतो, मागची पायथॉन स्क्रिप्ट घेते, आणि ती जी कॉन्फिग फाइल लिहिते ती राउटर वाचत नाही. राउटरने नाकारलं तर सुटलात. स्क्रिप्टने ती ओळ डेटाबेसात जशीच्या तशी ठेवली असेल तर तो ग्राहक शोधून सापडणार नाही, कारण शोधणारा इंग्रजी अंकांत शोधतो.

पायथॉनचं आयपीॲड्रेस मॉड्यूल याबाबत शहाणं आहे. प्रत्येक तुकडा साध्या आस्की, म्हणजे इंग्रजी अंकांचा आहे का हे ते आधी बघतं, मगच इंटकडे देतं. स्वतः पार्सर लिहिलात तर तेवढी एक ओळ तुम्हीही लिहा. आणि ‘युनिकोड नॉर्मलायझेशन करू, मग आपोआप इंग्रजी अंक होतील’ या भरवशावर राहू नका. एनएफकेसी पद्धत पूर्ण रुंदीचे अंक साधे करते, देवनागरी अंकांना हातही लावत नाही.

मग मराठी अंक आपणच बदलून घ्यावेत का? इथे मी थोडा मऊ आहे. ग्राहकाने भरायच्या फॉर्ममध्ये टाइप करताकरताच अंक बदलून समोर इंग्रजीत दाखवा. काय झालं ते माणसाला दिसतं. कॉन्फिग फाइलमध्ये किंवा एपीआयमध्ये (प्रोग्रामने प्रोग्रामला माहिती द्यायच्या वाटेत) मात्र सरळ नाकारा.

कागदावर लिहिलेल्या ॲड्रेसचं दुखणं वेगळं. घाईत लिहिलेला मराठी १ इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि मराठी ५ इंग्रजी चारसारखा. टॉवरच्या पेटीवर मार्करने लिहायचं असेल तर इंग्रजी अंकच लिहा, मागून येणारा कोण असेल सांगता येत नाही.

व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेला ॲड्रेस डोळ्यांना बरोबर दिसतो, पण राउटर घेत नाही.

बहुतेक वेळा आत एखादं अदृश्य चिन्ह असतं. मराठीत ‘दुसर्‍या’ मधला अर्धा र काढायला अनेक कळफलक शून्य रुंदीचा जोडक घालतात, आणि मजकुराच्या कडेने कॉपी केलं की तो ॲड्रेसला चिकटून येतो. न तुटणारी स्पेस हाही नेहमीचा पाहुणा. पुढच्या-मागच्या साध्या स्पेस कापायला हरकत नाही. मधलं काहीही कापू नका, आणि नाकारताना त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक दाखवा, नाहीतर समोरचा माणूस तीच ओळ पुन्हा पुन्हा पेस्ट करत बसेल.

१०.२०.३०.५/२४ बरोबर आहे की चूक?

कुठे लिहिलंय त्यावर आहे. एकाच लिखाणाच्या पोटात तीन वेगळ्या वस्तू असू शकतात, आणि कोडमध्ये त्यांना तीन वेगळे प्रकार ठेवणं हाच उपाय.

नुसता १०.२०.३०.५ हा ॲड्रेस, एका यंत्राच्या एका पोर्टचा. १०.२०.३०.०/२४ हा प्रीफिक्स, म्हणजे अख्खी रेंज: ३२ पैकी पहिले २४ बिट रेंजचे, उरलेले होस्टचे, म्हणजे त्यातल्या एकेका यंत्राचे. राउटिंग टेबलात हाच असतो. १०.२०.३०.५/२४ म्हणजे इंटरफेसवरचा ॲड्रेस: मी स्वतः पाच नंबरचा, माझे शेजारी या रेंजमध्ये. इंटरफेसला हे लिखाण योग्यच आहे. राउटच्या जागी लिहिलं तर घोळ, कारण २४ बिटांच्या पलीकडे होस्टचे बिट शिल्लक राहतात.

यावर प्रत्येक सॉफ्टवेअरचा स्वभाव वेगळा. लिनक्सची आयपी राउट कमांड नाकारते. सिस्को ॲड्रेस आणि मास्क (रेंजचे बिट दाखवणारी संख्या) जुळत नाहीत असं सांगून नाकारतं. बर्ड नाकारतं आणि वर ‘तुम्हाला १०.२०.३०.०/२४ म्हणायचं होतं का’ असंही विचारतं. मला हीच रीत आवडते. एफआरआर मात्र गुपचूप मास्क लावून १०.२०.३०.०/२४ करून टाकतं. पोस्टग्रेसमध्ये दोन प्रकारच आहेत: इनेट होस्टचे बिट ठेवतो, सायडर ते नाकारतो. पायथॉनमध्येही आयपी-नेटवर्क नाकारतो, आयपी-इंटरफेस घेतो.

गुपचूप मास्क लावणं सोयीचं वाटतं, पण चूक आकड्यात होती की मास्कमध्ये हे त्याने झाकलं जातं. लिहिणाऱ्याला १०.२०.३०.५/३२ हवा असेल तर? एका ग्राहकासाठी टाकलेला ब्लॅकहोल राउट (पॅकेट टाकून देणारी वाट) अख्ख्या गल्लीचा होऊन बसतो.

मायक्रोटिकवाल्यांसाठी: इंटरफेसवर ॲड्रेस देताना मास्क विसरलात तर तो /३२ धरला जातो. ॲड्रेस दिसतो, शेजारी मात्र एकही सापडत नाही.

/२४, २५५.२५५.२५५.० आणि ०.०.०.२५५ यांत फरक काय?

पहिले दोन एकच. तिसरा सिस्कोचा वाइल्डकार्ड, मास्कच्या अगदी उलटा. मास्क बरोबर आहे का हे बघायची सोपी पद्धत अशी: सगळे बिट उलटे करा, आलेल्या संख्येत एक मिळवा, आणि उलटी संख्या व ही नवी संख्या यांचा अँड घ्या (दोन्हींत एक असलेल्या बिटाच्या जागीच एक, बाकी शून्य). उत्तर शून्य आलं तर मास्क सलग आहे. २५५.०.२५५.० इथे पडतो, आणि मास्कच्या रकान्यात चुकून टाकलेला ०.०.०.२५५ हाही पडतो.

०.०.०.० मात्र या चाळणीतून सुटतो. मास्क म्हणून तो ‘सगळं जग’ आणि वाइल्डकार्ड म्हणून ‘हा एकच ॲड्रेस’. दोन्ही अर्थांनी शुद्ध आणि परिणाम टोकाचे उलटे. म्हणून आतमध्ये फक्त प्रीफिक्सची लांबी ठेवा, आणि मास्क की वाइल्डकार्ड हे त्या त्या राउटरसाठी कॉन्फिग छापताना ठरवा.

शेवटी .० किंवा .२५५ असलेला ॲड्रेस यंत्राला देता येतो का?

/२४ मध्ये नाही. पण १०.२०.३०.०/२३ मध्ये १०.२०.३०.२५५ हा साधा, वापरता येणारा ॲड्रेस आहे. ‘शेवटी २५५ असेल तर नाकार’ असं लिहिलेलं कोड अजून पुष्कळ ठिकाणी सापडतं. दिसेल तिथे काढा. जांबोटीच्या टॉवरवरून कणकुंबीकडे टाकलेल्या दोन टोकांच्या लिंकला /३१ देता येतो. २००० सालापासून, आरएफसी ३०२१ प्रमाणे, त्यात दोन्ही ॲड्रेस वापरायचे असतात. नेटवर्क आणि ब्रॉडकास्टसाठी दोन वजा करणारं सूत्र तिथे शून्य यंत्रं दाखवेल, /३२ ला तर उणे एक.

आयपीव्ही६ चा एकच ॲड्रेस प्रत्येक ठिकाणी वेगळा का दिसतो?

कारण वाचायचे नियम सैल आहेत आणि लिहायचे उशिरा ठरले. प्रत्येक गटाच्या (दोन कोलनमधल्या तुकड्याच्या) सुरुवातीची शून्यं ठेवा किंवा गाळा, अक्षरं मोठी किंवा लहान, शून्यांचा एक गट दुहेरी कोलनने दाबा किंवा नका दाबू, सगळं वैध. पाहिजे तसं लिहिता येतं म्हटल्यावर लॉग शोधणाऱ्याची पंचाईत. कुठल्या ग्राहकाकडे अमुक वेळी अमुक ॲड्रेस होता अशी चौकशी आली, ॲड्रेस मोठ्या अक्षरांत पूर्ण लिहून आला, आपल्या लॉगमध्ये तो आखडून लिहिलेला. शोध रिकामा येतो आणि आपण ‘नोंद नाही’ असं उत्तर देऊन मोकळे होतो.

ऑगस्ट २०१० मधल्या आरएफसी ५९५२ ने लिहायची एकच रीत सांगितली. अक्षरं लहान. प्रत्येक गटाच्या सुरुवातीची शून्यं गाळायची. दुहेरी कोलन सगळ्यात लांब शून्य-रांगेला. दोन रांगा सारख्या असतील तर पहिलीला. शून्याचा एकटा गट असेल तर दुहेरी कोलन वापरायचाच नाही. उदाहरण घ्या: २००१:०डीबी८:००००:००००:०००१:००००:००००:०००१. शून्यांच्या दोन रांगा, दोन्ही दोन-दोन गटांच्या. पहिली दाबायची, म्हणून २००१:डीबी८::१:०:०:१. दोन्ही दाबता येत नाहीत, मग कुठली किती लांब होती हे परत सांगता येणार नाही.

वाचताना सगळे वैध प्रकार घ्या, लिहिताना फक्त हा एक. आयपीव्ही४ ला मी कडक राहा म्हणतो आणि इथे सैल, यात विसंगती नाही: आयपीव्ही६ च्या वेगवेगळ्या लिखाणांचा अर्थ एकच निघतो, ०१० चे दोन निघतात.

आयपीव्ही६ सोबत पोर्ट कसा लिहायचा? आणि ते टक्क्याचं चिन्ह कशाला?

चौकोनी कंसात: [२००१:डीबी८::१]:१७९. कंस नसेल तर १७९ हा ॲड्रेसचा शेवटचा गट की बीजीपीचा (नेटवर्कांनी एकमेकांना वाटा सांगायच्या प्रोटोकॉलचा) पोर्ट, हे ठरवता येत नाही. टक्क्यानंतर इंटरफेसचं नाव येतं आणि ते मुख्यतः एफई८० ने सुरू होणाऱ्या लिंक-लोकल ॲड्रेसना लागतं, कारण तोच ॲड्रेस राउटरच्या दोन पोर्टांवर असू शकतो. नाव त्या यंत्रापुरतंच खरं असतं, दुसऱ्या राउटरला पाठवू नका.

आणखी एक चोरवाट: ::एफएफएफएफ:१९२.०.२.१ हा आयपीव्ही६ च्या वेषातला आयपीव्ही४ ॲड्रेस. तुमची बंदीची यादी आयपीव्ही४ ची असेल तर हा तिच्या बाजूने निघून जातो. यादी बघण्याआधी त्याचा वेष उतरवा.

डेटाबेसात कसा ठेवावा?

पोस्टग्रेस असेल तर त्याच्या स्वतःच्या प्रकारांत, मायएसक्यूएल असेल तर १६ बाइटच्या बायनरी रकान्यात. मजकूर म्हणून ठेवलात तर १०.०.०.१० हा १०.०.०.२ च्या आधी लागतो, आणि रेंजमध्ये कोण कोण आहे हे विचारता येत नाही. मजकूरच ठेवावा लागला तर पंधरा अक्षरांचा रकाना नको. आयपीव्ही६ चं लिखाण ४५ अक्षरांपर्यंत जातं.

बीजीपीमध्ये प्रीफिक्स लिखाणाला शुद्ध असला तरी नाकारायचा कधी?

पुष्कळदा. १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२, १९२.१६८.०.०/१६, १२७.०.०.०/८, १६९.२५४.०.०/१६, मल्टिकास्ट, आणि आपला स्वतःचा प्रीफिक्स बाहेरून येत असेल तर तो, हे सगळं दाराशीच अडवा. आयपीव्ही४ मध्ये /२४ पेक्षा लांब आणि आयपीव्ही६ मध्ये /४८ पेक्षा लांब (दांड्यानंतरचा आकडा मोठा, म्हणजे रेंज लहान) प्रीफिक्स सार्वजनिक इंटरनेटवर सहसा कुणी घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

१००.६४.०.०/१० विसरू नका. ही रेंज २०१२ मध्ये ऑपरेटरच्या मोठ्या नॅटसाठी (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक ॲड्रेस वाटून वापरायच्या सोयीसाठी) बाजूला काढली, आपल्याकडच्या लहान ऑपरेटरांना ती सोयीची. पायथॉनला ‘हा खासगी आहे का’ विचारलं तर तो नाही म्हणतो, ‘सार्वजनिक आहे का’ विचारलं तरी नाहीच म्हणतो. दोन्ही उत्तरं खरी. ‘खासगी नाही, म्हणजे सार्वजनिक’ असं गृहीत धरणारं कोड इथे फसतं.

शुद्ध लिखाण किती नुकसान करू शकतं याचा नमुना २४ फेब्रुवारी २००८ चा आहे. यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशापुरती बंदी घालायला २०८.६५.१५३.०/२४ टाकला आणि तो बाहेर गळला. लांब प्रीफिक्स जिंकतो हा राउटिंगचा मूळ नियम, त्यामुळे जगभरातली यूट्यूबची वाट तिकडे वळली. त्या ओळीत लिखाणाची एकही चूक नव्हती. अशा गोष्टी पार्सरला कळत नाहीत. त्यासाठी फिल्टर लागतात, आणि कुठला एएस (एका ऑपरेटरचं नेटवर्क) कुठला प्रीफिक्स किती लांबीपर्यंत जाहीर करू शकतो हे सांगणाऱ्या आरपीकेआयच्या नोंदी लागतात. आपल्या प्रीफिक्सची नोंद आयआरआयएनएन या भारतात ॲड्रेस वाटणाऱ्या संस्थेकडे, म्हणजे ज्यांच्याकडून ॲड्रेस घेतले त्यांच्याकडेच, करून घ्या.

शिनोळी महाराष्ट्रात, आम्ही बेळगावात. पलीकडच्या ग्राहकांना वेगळी रेंज द्यावी लागते का?

प्रोटोकॉलला राज्य कळत नाही. परवान्याचं दूरसंचार सर्कल वेगळं असतं, तो कागदाचा विषय आहे. पण सोय म्हणून वेगळी द्याच: बेळगावकडे १०.६४.०.०/१६, चंदगडकडे १०.६५.०.०/१६. दोन्ही मिळून १०.६४.०.०/१५ या एकाच ओळीत सांगता येतात आणि लॉग वेगळे काढणं सोपं पडतं. १०.६५ आणि १०.६६ घेतलेत तर ही ओळ जमणार नाही. सुरुवात सम आकड्याने करा.

चुकीचा संदेश कसा लिहावा?

कणकुंबीच्या पावसात एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात फोन धरलेल्या लाइनमनला ‘इनव्हॅलिड इनपुट’ वाचून काही कळत नाही. काय आलं ते अवतरणांत, कुठल्या ओळीत, कुठल्या अक्षराशी अडलं, आणि काय अपेक्षित होतं, एवढं सांगा. सुचवता येत असेल तर सुचवा, स्वतः बदलू नका. संदेश मराठीत की कन्नडमध्ये हे वापरणाऱ्यावर सोडा. ॲड्रेस मात्र दोन्हींत इंग्रजी अंकांतच छापा.

चाचणीसाठी कुठल्या ओळी ठेवू?

रिकामी ओळ. नुसती टिंबं. १.२.३ आणि १.२.३.४.५. २५६ असलेला. उणे चिन्ह असलेला. ०१०.२०.३०.४०. मराठी अंकांतला आणि कन्नड अंकांतला. शेवटी शून्य रुंदीचा जोडक असलेला. /३३, /०२४ आणि नुसता तिरका दांडा. १०.२०.३०.५/२४ राउट म्हणून (नाकारला पाहिजे) आणि इंटरफेस म्हणून (घेतला पाहिजे). आयपीव्ही६ मध्ये दोन दुहेरी कोलन असलेला, नऊ गटांचा, पाच अक्षरी गटाचा आणि नुसता ‘::’, जो वैध आहे.

याशिवाय दोन सर्वसाधारण चाचण्या यंत्राकडून हवे तेवढे ॲड्रेस पाडून चालवा. कुठलीही संख्या लिहून परत वाचली तर तीच संख्या यावी. कुठलीही वैध ओळ वाचून लिहिली, आणि ते लिखाण पुन्हा वाचून लिहिलं, तर दुसऱ्यांदा एक अक्षरही बदलू नये. फील्डवरून नवी विचित्र ओळ आली की ती याच यादीत जशीच्या तशी टाका, अदृश्य चिन्हांसकट.